रयतेच्या हातची शिवराई

मार्गासनीहून गुंजवण्याकडे वळलें कीं राजगड सामोरा येतो. वेल्ह्याची वाट धरली कीं तोरणा. तोरण्यावर सांपडलेल्या द्रव्यांतून राजगड बांधला, असें बखरी सांगतात. पुढें 1674 सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं स्वराज्याचीं नाणीं प्रसिद्ध झालीं. होन दरबारांत शोभला. शिवराई मात्र भाजीवालीच्या पदरीं गेली. म्हणून आज शिवराईविषयींच लिहितों.

तिच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीस दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि भोंवतीं ठिपक्यांचें कडें. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्यें ठेवून वर घण मारावयाचा, एवढीच कृति. ठसा मोठा व तुकडा लहान असला म्हणजे एखादें अक्षर बाहेर राही. ‘शिव’चें ‘सिव’ व ‘पति’चें ‘पती’ही आढळतें. आम्हां शाळामास्तरांचा हात येथें लाल शाईकडे जातो. पण हेच पाठभेद अभ्यासकांस नाण्याची जात ओळखण्यास उपयोगी पडतात. पेशवाईंत सनद घेऊन चालविलेल्या टांकसाळींतूनही शिवराई निघे. ‘छत्र’ व ‘पति’ यांमध्यें दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खुद्द पुण्याच्या अंकुशी रुपयावर फारसी लिपींत दिल्लीच्या बादशहाचें नांव होतें. व्यापाराच्या सोयीसाठीं चांदीनें तें सोसलें. गरिबाच्या तांब्यानें मात्र शिवछत्रपतींचें नांव सोडलें नाहीं. 1818 सालीं राज्य गेलें, तरी पुढें कित्येक वर्षें बाजारांत शिवराई चालली.

ह्या निष्ठेचें कारणही आहे. राज्याभिषेकसमयीं आलेला इंग्रज वकील ऑक्सिंडेन याच्या तहांत इंग्रजी नाण्याविषयीं कलम होतें. महाराजांनीं चलनास आडकाठी केली नाहीं. परंतु मोलाहून अधिक भावानें तें घेण्याची सक्ती रयतेवर करण्याचें नाकारलें. नाणें म्हणजे राजाचा शब्द, ही जाण त्यांत आहे.

आमच्या वाचकांच्या देवघरांतील डब्यांत एखादी शिवराई असेलच. सुनामुलींनीं ती चिंचेनें घासूं नये. चकाकी येते व अक्षरें झिजतात. मोडींत तर घालूंच नये. गडाच्या पायथ्याशीं जमिनींत ठेवा सांपडल्यास तो घरीं न ठेवतां कलेक्टरांस कळवावा. 1878 चा कायदा तसें सांगतो. नातवंडांच्या तळहातावर ती ठेवून अक्षरें मात्र अवश्य वाचून घ्यावीं.