छत्तीस चेंडूंचा हिशेब

३१ मार्च २०२३, शुक्रवारची संध्याकाळ. भूमच्या बसस्थानकाजवळच्या एका चहाच्या हॉटेलात टीव्हीसमोर उभे राहायलाही जागा उरली नव्हती. अहमदाबादच्या मैदानावर चेन्नई सुपर किंग्जची पिवळी जर्सी घालून तुळजापूरचा विशीतला राजवर्धन हंगर्गेकर आयपीएलमधले आपले पहिले षटक टाकायला येत होता. "आपल्या जिल्ह्याचा हाय!" असे जो तो शेजारच्याला सांगत होता, जणू शेजारच्याला ते ठाऊकच नव्हते. वृद्धिमान साहा बाद झाला, साई सुदर्शन गेला, शेवटी विजय शंकरही गेला. चार षटकांत ३६ धावा आणि तीन बळी. सामना चेन्नईने गमावला, पण त्या हॉटेलात त्याचे दुःख कोणाला होते? धाराशिव जिल्ह्याने सामना जिंकला होता.

तीन दिवसांनी चेपॉकवर लखनौविरुद्धचा सामना झाला. राजवर्धनने दोन षटके टाकली, २४ धावा दिल्या, बळी नाही. गोलंदाजांनी नो-बॉल आणि वाइड आवरले नाहीत तर त्यांना नव्या कर्णधाराच्या हाताखाली खेळावे लागेल, अशी हसत हसत दिलेली तंबी धोनीने त्याच सामन्यानंतर ऐकवली. पुढे त्या हंगामात राजवर्धन पुन्हा मैदानात उतरला नाही. चेन्नईने करंडक जिंकला, तेव्हा त्याच्या नावावर होते दोन सामने, सहा षटके, म्हणजे छत्तीस चेंडू. साठ धावा आणि तीन बळी.

आणि त्याच हॉटेलात, त्याच बाकावर, मे महिन्यात मी ऐकले : "कुठं गेलं ते पोरगं? दम नव्हता राव त्याच्यात."

मला बोलायचे आहे ते या वाक्याबद्दल. राजवर्धनमध्ये दम आहे की नाही, हे काळ ठरवील. पण छत्तीस चेंडूंवर एका तरुण खेळाडूचा निकाल लावण्याची ही जी घाई आपल्याला लागली आहे, ती कुठून आली?

या मुलाची वाट सोपी नव्हती. सुरुवातीला तो ऑफस्पिन टाकत असे. वेगवान गोलंदाजीकडे वळला तो नंतर. खेळासाठी घर सोडून पुणे गाठावे लागले. २०२० मध्ये कोरोनाने वडिलांना नेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांच्या आत तो १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी वेस्ट इंडिजमध्ये होता. आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा काढताना त्याने पाच षटकार मारले. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने तो विश्वचषक जिंकला आणि त्याच महिन्यात बेंगळुरूच्या लिलावात तीस लाखांच्या मूळ किमतीवरून त्याची बोली दीड कोटीला गेली. २०२२ चा सारा हंगाम त्याने बाकावर बसून काढला. मग आली अहमदाबादची ती संध्याकाळ.

आता पहिल्या हंगामाने सांगायचे तरी काय असते? माझ्या मते, खेळाडूच्या अंगात काय आहे ते पहिला हंगाम दाखवतो. तो कुठवर जाईल हे सांगण्याची ताकद त्याच्यात नसते. राजवर्धनच्या अंगात काय आहे ते त्या चार षटकांनी दाखवले : वेग आहे, उंचीमुळे मिळणारी उसळी आहे, दडपणाखाली चेंडू हातात घेण्याची हिंमत आहे. काय नाही तेही पुढच्या दोन षटकांनी सांगितले. टप्प्यावर ताबा नाही, आणि फलंदाज अंगावर आला की काय करायचे याचा अनुभव नाही. वेग ही देणगी असते. ताबा मात्र घोटून मिळवावा लागतो, आणि तो वीस षटकांच्या झगमगाटात येत नाही. त्यासाठी दिवसभर उन्हात षटकांमागून षटके टाकावी लागतात.

उदाहरणे दूरची कशाला शोधायची? कल्याणच्या तुषार देशपांडेने २०२० मध्ये दिल्लीकडून पदार्पण केले तेव्हा पाच सामन्यांत त्याला तीनच बळी मिळाले. २०२२ मध्ये चेन्नईने त्याला दोनच सामने दिले. त्याला तेव्हाच मोडीत काढले असते तर २०२३ मध्ये चेन्नईसाठी २१ बळी कोणी घेतले असते? त्या हंगामातही त्याने धावा भरपूर दिल्या, पण कर्णधाराने चेंडू त्याच्या हातून काढून घेतला नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानचेही तेच. २००० मध्ये तो भारताकडून खेळला, पुढे संघातून बाहेर गेला, २००६ मध्ये इंग्लंडात वूस्टरशायरकडून काउंटीचा पूर्ण हंगाम खेळून ७८ बळी घेतले आणि परतला तो वेगळाच गोलंदाज होऊन. पहिल्या झहीरला आपण टाळ्या वाजवल्या. दुसरा झहीर घडला तेव्हा पाहायला आपल्यापैकी कोणी नव्हते.

राजवर्धनच्या बाबतीतही खूण मिळाली होतीच. आयपीएलमध्ये बाकावर बसलेल्या या मुलाने दोनच महिन्यांनी, १९ जुलै २०२३ ला, कोलंबोत उदयोन्मुख संघांच्या आशिया चषकात पाकिस्तान 'अ' संघाचे ४२ धावांत पाच गडी बाद केले. आठ षटके विश्वासाने हाती दिली की हा मुलगा काय करतो ते तेथे दिसले. पण त्या दिवशी भूमच्या हॉटेलातला टीव्ही दुसऱ्याच कशावर लावलेला होता.

कोणी म्हणेल, हा व्यवसाय आहे. दीड कोट घेतले, मग उत्तर द्यायला नको का? संघमालकाला आजचा सामना जिंकायचा आहे, त्याने पोरे घडवत का बसावे? मुद्दा खरा आहे. संघमालकाला दोष देण्यात अर्थ नाही. बाजाराचा तराजू आजच्या वजनावर चालतो. २०२४ च्या अखेरीस जेद्दाच्या लिलावात हाच मुलगा लखनौने तीस लाखांना घेतला. पण म्हणून त्याची लायकी एक कोट वीस लाखांनी घटली काय? बाजाराने भाव ठरवावा. आपण, त्याच्या जिल्ह्याची माणसे, बाजाराच्या मापाने आपलीच मुले का मोजतो?

याच जिल्ह्यात दुसरे उदाहरणही आहे. धाराशिवची सारिका काळे. घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती. तरी तिने खो-खोत भारताचे नेतृत्व करून २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारतीय महिलांनी खो-खोचा पहिला विश्वचषक नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला, त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. या मुली लिलावातून आल्या नाहीत. दोन खांब, पाणी मारलेली माती, आणि रोज संध्याकाळी न चुकता येणारा प्रशिक्षक एवढ्यावर त्या घडल्या. तेथे वाईट खेळलेल्या मुलीलाही दुसऱ्या दिवशी मैदान मिळते. खो-खोत या जिल्ह्याला जे जमले ते क्रिकेटमध्ये का जमू नये? भूम-परंड्याच्या मुलाला चांगल्या खेळपट्टीवर चेंडू टाकायचा तर आजही पुण्याची एसटी धरावी लागते. ज्याच्या घरी ती ऐपत नाही, त्याचा वेग गावच्या रबरी चेंडूतच विरून जातो.

आपला तालुका खव्याचा. परवा एका भट्टीवर गेलो होतो. कढईशी बसलेल्या काकांना विचारले, जाळ मोठा केला तर लवकर नाही का होणार? ते हसले. म्हणाले, "दूध आटंल की लवकर. पर ढवळायचा हात थांबला की बुडाला लागतं बघा. आन् एकदा करपट वास आला, की मग कढईला बोल लावून काय उपेग?"

जाळ लावणारे आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत : सत्काराच्या कमानी, चौकातले फलक, गळ्यातले हार. ढवळणारे हात मात्र थोडे. पुढच्या वेळी एखादा पोरगा या मातीतून वर गेला तर त्याच्या पहिल्या हंगामात कमान उभारण्याआधी एक काम करावे. त्या कमानीच्या पैशातून तालुक्याच्या मैदानावर एक धड खेळपट्टी आणि जाळी उभी करावी. आणि तो संघाबाहेर बसेल त्या वर्षी, "कुठं गेला?" असे न विचारता, "पुढचा सामना कधी?" एवढेच विचारावे.