काळ्या रानाची पत्रिका कशी वाचावी?



माती तपासून आली, कागद हातात पडला, की आपल्याकडे त्याचे काय होते? कोणी तो सातबाराच्या उताऱ्याबरोबर पेटीत ठेवतो, कोणी खताच्या दुकानात दाखवून एखादे पोते कमीजास्त करतो. २०१५ सालापासून सरकारी योजनेतून ही जमीन आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यावर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. कागद उपयोगाचा आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण नीरा-भीमेच्या बेचक्यातल्या खोल काळ्या रानाला जे दुखणे जडते, ते या बारांत पुरते सापडत नाही. पत्रिकेवर सारे बरे दिसते आणि रानात मात्र उसाला नांग्या पडत जातात. असे का होते, ते आज पाहू.

बावड्याचे शिवार डोळ्यांपुढे आणा. इंदापूरहून अकलूजला निघाले, की तुकोबांच्या पालखीच्याच वाटेवर बावडा लागते. पुढे सराटीला नीरा, पूर्वेला भीमा, आणि दोघींचा संगम नीरा नरसिंहपूरला. तालुक्याचा हा कोपरा दोन नद्यांमध्ये ठोकलेल्या पाचरीसारखा आहे. अशा मुलखात माथ्यावर मुरमाड माळ असतो, जरा उतरले की फूट-दोन फुटांचे मध्यम रान, आणि नदी-ओढ्याच्या अंगाला खोल काळी. खडक सगळ्यांखाली एकच, आपला काळा पाषाण. मग मातीत एवढे अंतर का? तर उतारामुळे. हजारो वर्षे पावसाचे पाणी बारीक चिकणमाती माथ्यावरून खाली नेत आले, आणि तिच्याबरोबर खडकातून सुटलेला चुना आणि सोडियमही. माथ्याच्या वाट्याला काय उरते ते बारामती तालुक्यातल्या माळेगावला दिसते. पिकांवर येणारा दुष्काळ, क्षार, उष्णता यांचा ताण अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था २००९ साली तिथल्या माळावर उभी राहिली, आणि प्रयोगाचे शेत करायलाच तिला खडक फोडावा लागला. म्हणून मातीचा नमुना कुठल्या रानातला, माथ्याचा, उताराचा की खोलगटाचा, हे कळल्याशिवाय त्याचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

आता आभाळाचे पाहू. हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच, तोही बराचसा परतीचा. आणि ऊन-वारा वर्षभरात जेवढे पाणी उडवून नेऊ शकतो, ते या पावसाच्या जवळजवळ तिप्पट. कोकणात पाऊस मातीतले क्षार धुऊन समुद्राला पोचवतो. इथे तो त्यांना दोन-चार फूट खाली ढकलतो आणि थांबतो. पाणी उडून जाते, चुना खड्यांच्या रूपाने बसतो. विहीर खणताना निघणारे ते पांढरे चुनखडे म्हणजे गोठून बसलेला कॅल्शियमच. कॅल्शियम असा निपटला, की ओलाव्यात सोडियमचा वाटा वाढतो आणि तो चिकणमातीच्या कणांना चिकटतो. म्हणजे पाटाचे पाणी कधी न पाहिलेल्या काळ्या रानातही खालच्या थरात चोपणपणा असू शकतो, वर त्याचा मागमूस नसताना. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कोरड्या मुलखातल्या काळ्या जमिनींबद्दल हे चांगले उलगडून दाखवले आहे.

त्यात पाणी आले. नीरा डाव्या कालव्याला १८८५च्या सुमारास पाणी सुटले. भाटघरचे पहिले धरण १८९२ साली पुरे झाले. घाटमाथ्याचा पाऊस कोरड्या बारामती-इंदापुरात आला आणि उसाचे दिवस आले. पण १९१० सालीच पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तांहणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर सबंध पुस्तिका लिहावी लागली. पंचवीस वर्षे म्हणजे एका माणसाची उमेद; तेवढ्यात रान बिघडायला लागले होते! पुढे नीरेकाठच्या पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले. तिथल्या जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजव्या कालव्याच्या आणि प्रवरेच्या मातीची पाहणी करून १९३८ साली प्रसिद्ध केली. त्यांनी वरची मूठभर माती घेऊन निकाल दिला नाही. खड्डे घेतले, थरावर थर पाहिले आणि त्यावरून जमिनीच्या जाती ठरवल्या. आपल्या आजच्या विषयाचे मूळ तिथे आहे.

पाण्याबरोबर क्षार किती येतात, त्याचा हिशेब घरी बसून करता येतो. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी आपण गोडेच म्हणू. एकराला वर्षभरात मीटरभर उंचीचे पाणी दिले, तर ते होते सुमारे चाळीस लाख लिटर. म्हणजे एकरी वीस क्विंटल क्षार, दरसाल. उसाला तर याहून जास्त पाणी जाते. पाणी पिकाने आणि उन्हाने नेले. क्षार कुठे गेले? निचरा असेल तर ओढ्याला गेले, नसेल तर रानातच आहेत.

इथे घरातल्या मायबहिणींसाठी एक गोष्ट. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तिला आपण नाक मुरडतो. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असते. उलट काही विहिरींचे पाणी असे, की डाळ पटकन मऊ होते. खायचा सोडा टाकल्यावर डाळ शिजते ना, तोच प्रकार. त्या पाण्यात सोड्याचा अंश असू शकतो. चुलीला चांगले वाटणारे हे पाणीच रानाला चोपण करते. एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही, पण अशा विहिरीचे पाणी तपासून घ्या म्हणून घरातून तगादा लावायला हरकत नाही.

आता चोपण आणि खारवट हा फरक. आपण दोन्हींना सरसकट क्षारपड म्हणतो, आणि पैसे तिथेच बुडतात. खारवट रानात क्षार विरघळलेल्या रूपात असतात, उन्हाळ्यात वर पांढरी पापडी धरते. माती मात्र भुसभुशीतच असते. तिला निचरा करून दिला आणि गोड्या पाण्याने धुतली की ती सुधारते. चोपण रानात सोडियम मातीच्या कणालाच धरून बसलेला असतो. कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे लिंपली जातात. पाणी वर साचते, वाफसा येत नाही. ओले असताना साबणासारखे गुळगुळीत, वाळले की दगड. पापडी असलीच तर काळपट, तेलकट. अशा रानात नुसते पाणी भरून क्षार धुवायला गेलात, तर आहे तेही छिद्र बुजेल. तिथे आधी जिप्सम लागते, म्हणजे त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो. आणि हुसकलेला सोडियम वाहून जायला चर लागतो. चराशिवाय जिप्सम म्हणजे पाहुण्याला निरोप देऊन दार लावून घेणे. नुसत्या खारवट रानात पोत्यांनी जिप्सम ओतणेही तितकेच फुकट. आमच्या मते खर्चाचा क्रम असा असावा: आधी निचरा, मग जिप्सम, मग धैंचा किंवा ताग गाडणे. दुकानात हा क्रम कोणी सांगत नाही, कारण चर दुकानात मिळत नाही.

कोणी विचारील, आमच्या काळीत चुना मुबलक, मग कॅल्शियम विकत कशाला? प्रश्न रास्त आहे. पण सामू साडेआठच्या वर गेला की चुना विरघळतच नाही, असून नसल्यासारखा. धैंचा, शेणखत कुजताना जे आम्ल सुटते ते या चुन्याला थोडे थोडे जागे करते, म्हणून सेंद्रिय खताला इथे दुप्पट मोल.

पत्रिकेतले दोन आकडे नीट समजून घ्या. क्षारतेचा चार हा आकडा अनेकांच्या तोंडी आहे. चारच्या खाली क्षारता म्हणजे रान ठीक, असे ते समजतात. हा निकष अमेरिकेतल्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली दिला, तो मातीचा लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा कमी येतो; भारी काळ्या मातीत खरी क्षारता त्याच्या साधारण अडीच-तीन पट धरावी लागते. तेव्हा पत्रिकेवर दीड दिसले तर निर्धास्त राहू नका. या रीतीत एकच्या खाली असेल तेच बरे. दुसरा आकडा पत्रिकेवर नसतोच: विनिमययोग्य सोडियमचे शेकडा प्रमाण. त्याच निकषात पंधराच्या वर चोपण असे आहे; पण आपल्या काळ्या मातीत निम्मी-अर्धी चिकणमाती, तीही फुगणाऱ्या जातीची. तिच्यात पाणी मुरणे पंधराच्या कितीतरी आधी, पाच-सहापासूनच मंदावते.

शास्त्रज्ञ अशा मातीला ‘सोडिक हॅप्लुस्टर्ट’ म्हणतात. नाव अवघड, पण फोड सोपी आहे. शेवटचा ‘अर्ट’ म्हणजे उलथणारी, उन्हाळ्यात भेगाळून वरची माती पोटात घेणारी. ‘उस्ट’ म्हणजे ओलावा बेताचा, पण पिकाच्या दिवसांत मिळणारा. ‘हॅपल’ म्हणजे साधी, आणि ‘सोडिक’ म्हणजे सोडियम धरलेली. पहिला शब्द प्रयोगशाळेत ठरतो, मधला आभाळ पाहून आणि शेवटचा खड्ड्यात उतरून.

तेव्हा यंदा ऊस तुटून रान मोकळे झाले, की एक खड्डा घ्या. रानात जिथे नांग्या पडतात तिथे एक आणि जमल्यास चांगल्या भागात दुसरा. चार फूट खोल. भिंतीवरचे ढेकूळ फोडून पाहा. पाचरीसारखी तुटणारी, चकचकीत घासलेल्या अंगाची ढेकळे दिसली, तर ती फुगणारी खरी काळी. चुनखडे किती फुटांवर लागतात ते लिहा, पाणी पाझरते का तेही. मग प्रत्येक फुटाचे वाटाण्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. ढेकूळ विस्कटून तळाशी बसले आणि पाणी स्वच्छ राहिले तर काळजी कमी. त्याच्याभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर त्या थराला चोपण धरले आहे असे समजून पुढची तपासणी करा. मात्र माती खारवटही असेल तर क्षार हा ढग दाबून धरतात, म्हणून पेल्यावर शेवटचा भरवसा नाही.

प्रयोगशाळेत नमुने फुटाफुटाचे वेगवेगळ्या पिशव्यांत द्या, एकत्र मिसळू नका. चिठ्ठीवर गट नंबर, खोली, रान माथ्याचे की खोलगटाचे, पाणी पाटाचे की विहिरीचे हे लिहा. सामू आणि क्षारतेबरोबर विनिमययोग्य सोडियम, मुक्त चुना आणि जिप्समची गरज मागून घ्या. वेगळी फी पडेल, पण एका एकराच्या जिप्समपुढे ती काहीच नाही. विहिरीच्या पाण्याची बाटलीही बरोबरच न्या.

खड्ड्याजवळ मुलाबाळांना फिरकू देऊ नका, काळीच्या भिंती अचानक ढासळतात. आणि बुजवताना खालची माती आधी लोटा, वरची वर.