कालव्याच्या कडेने सायकल



पैठणच्या डाव्या कालव्याच्या कडेने सायकलवर जायचे आणि रात्री वाटेतच मुक्काम करायचा, असा विषय आम्ही मागच्या बैठकीत काढला तेव्हा निम्मी बैठक हसली. "पोरांची सहल काढता का?" असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "कोरडवाहू माणसाने कालवा कशाला बघायचा? त्यात आपले काय आहे?"

सहल आहे, हे आम्हाला मान्य आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायला हवे.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींनी केले. आम्ही कृषी महाविद्यालयात असताना आम्हाला धरण दाखवायला बसने नेले. आम्ही दरवाजे मोजले, सत्तावीस भरले. चहा घेतला आणि परत आलो. डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे, तो जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो, हे आम्ही परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुण मिळवले. त्याचे शेपूट काही आम्हाला कोणी दाखवले नाही, आणि आम्हीही मागितले नाही.

कालवा उताराच्या आडवा, जमिनीची पातळी धरून चालतो. आपण पाण्याच्या दिशेने निघालो की उजव्या हाताला गोदावरीकडची उतरती जमीन. तिला पाणी मिळू शकते. डाव्या हाताला कालव्याहून उंच जमीन. पाणी तिच्या बांधाजवळून वाहत जाते, पण वर चढत नाही. एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला आपली पऱ्हाटी आणि ज्वारी, मध्ये फक्त कालवा. नकाशात ही रेघ दिसते, पण तिच्या दोन्ही बाजूंची माणसे दिसत नाहीत. ज्वारी पोटरीत असताना एक पाणी मिळाले तर खळ्यावर किती फरक पडतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मग पाणी कुठवर जाते, कुठे थांबते आणि का थांबते, हे आपल्या डोळ्यांनी पाहायला हरकत काय?

कालव्याच्या कडेने जाणारे आपण पहिले नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ चेसापीक आणि ओहायो नावाचा २९७ किलोमीटरचा कालवा आहे. तो पाणी देण्याचा नव्हे, नावांचा कालवा. काठावरून खेचरे नावा ओढत. १९२४ साली तो बंद पडला. पुढे त्यावर मोटाररस्ता करायचे ठरले आणि एका वर्तमानपत्राने त्याला अग्रलेखातून पाठिंबा दिला. तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर बोलावले: आधी माझ्याबरोबर चालून बघा, मग लिहा. मार्च १९५४ मध्ये ते निघाले. शेवटपर्यंत सगळी वाट चालले ते नऊ जण. रस्ता झाला नाही. १९७१ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. आज तिथे लोक सायकलवर जातात, खेचरांच्या त्याच वाटेवर तंबू ठोकून झोपतात. आपल्या कालव्यावर सरकार तंबूची सोय करील अशी आशा आम्ही धरत नाही, पण आधी चालून बघा, मग बोला, हे आम्हाला पटले.

आता तयारी. रोज ३५ किलोमीटर धरले तर सहा दिवस. चढ जवळपास नाहीच, कारण पाणी चढाने जात नाही. त्रास होईल तो दोन गोष्टींचा. वेड्या बाभळीचा काटा: प्रत्येक चार सायकलींमागे पंप, पाने, सोल्यूशन आणि रबराचे तुकडे हवेत. आणि काळी माती: एक अवकाळी सर आली की मडगार्डमध्ये चिखल बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हे आम्ही एकदा भोगले आहे, चार किलोमीटरला अख्खी दुपार गेली. म्हणून मडगार्ड घरीच काढून ठेवा. कालव्याची वाट खात्याची आहे, तेव्हा लेखी परवानगी आधी घेऊ. दोघांनी मोटारसायकलवर आधी जाऊन वाट कुठे तुटली आहे ते पाहून यावे.

मुक्काम शाळेत, देवळात किंवा शेतकऱ्याच्या खळ्यावर. ताडपत्री आणि घोंगडी पुरे. कालव्याच्या भरावावर झोपायचे नाही. वाहत्या कालव्यात उतरायचे नाही, पोहता येत असले तरी नाही. अस्तराच्या उतारावर शेवाळ असते, पाय धरत नाही, वर येता येत नाही. पिण्याचे पाणी हातपंपाचे किंवा नळाचे. भाकरी आणि ठेचा गावोगाव मिळेल, हुरड्याचे दिवस असले तर विचारायलाच नको.

पाणी सुरू असतानाच जायचे, म्हणजे मोजता येईल. काठावर ३० मीटर अंतर मोजा, मक्याचा कोरडा बुरकुंडा प्रवाहात टाका आणि घड्याळ लावा. पृष्ठभागाचा वेग खालच्या पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून पंधरा टक्के कमी धरा. पात्राचे माप खात्याच्या नकाशावर असते, पाण्याची उंची पट्टीवर वाचता येते. मधल्या कोणत्या चाऱ्या सुरू होत्या, तेही त्याच पानावर लिहा. नाहीतर चारीला रीतसर गेलेले पाणीही आपण चोरीत धरू आणि पहिल्याच प्रश्नाला तोंडावर पडू. पाणी मोजून द्यावे असे २००५ सालच्या कायद्यात लिहिले आहे. मोजायला शिकलेला माणूस मात्र आपल्याकडे हवा.

झेंडे लावून, पुढे जीप ठेवून जावे, अशी काही तरुणांची सूचना आहे. आमचे मत उलट आहे. जीप चारीपाशी थांबत नाही, आणि झेंडा पाहून पाटकरी आधीच निघून जातो. त्याच्याशीही बोलायचे आहे. त्याच्याकडे किती किलोमीटर आहेत, हे कोणी विचारले आहे का? बागायतदाराच्या खळ्यावर बसलो तर भांडण काढायचे नाही, त्याचेही ऐकायचे. बहिणींनी यावे की नाही यावर बैठकीत कुजबुज झाली. यावे. सायकल येत नसेल तर दोन महिने आहेत.

तारीख पाण्याच्या पाळीवर ठरेल. नावे पुढच्या बैठकीत द्यावीत. सायकल स्वतःची आणा, भाड्याची नको. परत येताना परभणीहून रेल्वे किंवा एस.टी.च्या टपावर सायकली चढवू, त्याचे भाडे ज्याचे त्याने द्यायचे आहे.