खापर ढेरीवरच का?

पोलिसाला हृदयविकाराचा झटका आला, की लोकांचे बोट आधी त्याच्या ढेरीकडे जाते. गाडीवरचा वडापाव, तंबाखू, व्यायामाचा आळस. एवढ्यात निदान आटोपते. खात्याचाही कल बराचसा तिकडेच. वजन आटोक्यात ठेवणाऱ्याला महाराष्ट्रात महिन्याला २५० रुपये तंदुरुस्ती भत्ता मिळत आला आहे. (तेवढ्यात आठवड्याची फळेही येत नाहीत, पण ते असो.) ढेरी घातक आणि तंबाखू त्याहून घातक, यात वाद नाही. पण भरतीच्या वेळी मैदानी चाचणी पार करून आलेल्या शिपायाचे शरीर पंधरा-वीस वर्षांत असे का होते, याचे उत्तर आळसात सापडत नाही. ते हजेरीपटात सापडते. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९च्या अहवालानुसार आपल्याकडचा पोलीस दिवसाला सरासरी १४ तास राबतो. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडले. १४ तासांच्या हिशेबाने ही मर्यादा चौथ्या दिवशीच ओलांडली जाते. त्यात पाळ्या बदलत्या. झोप मोडली, की रात्री उतरायला हवा तो रक्तदाब पुरता उतरत नाही, साखरेचे गणित बिघडते, भूक अवेळी लागते. आणि रात्री दोनला नाकाबंदीवर भाजी-भाकरी कोण आणून देणार?

‘चोरामागे धावताना कोसळतो, म्हणजे दोष तंदुरुस्तीचाच,’ हा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेत १९८४ ते २०१० या काळातल्या ४४१ पोलिसांच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचा अभ्यास झाला. नेहमीच्या कामाच्या तुलनेत झटापटीत हा धोका किमान ३४ पट आणि पाठलागात किमान ३२ पट निघाला. पण त्याच अभ्यासात शारीरिक प्रशिक्षणाच्या वेळीही तो किमान २० पट होता. तासन् तास बंदोबस्ताला उभे राहून आंबलेल्या पंचेचाळिशीच्या हवालदाराला तपासणीविना एकदम मैदानावर पळवणे हा उपाय नव्हे, ती नवी जोखीम आहे. व्यायाम हवाच, त्याआधी नियमित तपासणी हवी, आणि त्याहीआधी झोप.

राहिला मनुष्यबळाचा मुद्दा. तुटवडा खराच आहे, पण तो ‘आठ तास अशक्य’ असे सिद्ध करत नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो असलेल्या माणसांची फेरमांडणी करूनच. कोणी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ पुढे करतील: पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. मानले जाते, बरोबर. हाक मारली तर त्याने यावे, एवढाच त्याचा अर्थ. त्याला घरी जाऊच देऊ नये, असे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही.