चोवीस वर्षांनंतरही वर्गात

जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेल्या शिक्षकाला बढतीच्या वाटा मोजक्याच: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. पायरी जितकी वरची, तितका फळा लांब. जो शिक्षक ही वाट न धरता मुलांसमोरच उभा राहतो, त्याच्यासाठी बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी आहे. शिक्षकांच्या बोलण्यात वरिष्ठ श्रेणीचे नाव आजही ‘चटोपाध्याय’ असेच येते. 1983 साली नेमलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाचे अध्यक्ष डी. पी. चटोपाध्याय होते, त्यावरून ते रूढ झाले.

नुसती वर्षे भरली म्हणून पगार का वाढवायचा, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो उडवून लावण्यासारखा नाही. वीस वर्षे त्याच प्रश्नोत्तरांची तीच वही मुलांना उतरवून देणारे शिक्षक आहेत, आणि पालक त्यांना ओळखून असतात. पण या दुखण्यावर ‘निकालाशी पगार जोडा’ हे औषध सुचवले जाते, तिथे आक्षेप फसतो.

महाराष्ट्राने ते औषध घेऊन पाहिले आहे. ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने या वेतनश्रेणींसाठी ‘शाळासिद्धी’ या शाळा-मूल्यांकनात शाळेला ‘अ’ श्रेणी आणि माध्यमिक शाळेत नववी-दहावीचा 80 टक्के निकाल अशा अटी घातल्या. म्हणजे गणितात मुले नापास झाली तर मराठीच्या बाईंची श्रेणी अडणार. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर बीडमधल्या शाळेतली मुले गावाबाहेर जातात. त्यांच्या गैरहजेरीचा हिशेब शिक्षकाच्या पगारात धरला जाणार. असल्या अटीने कामचुकार शिक्षक सुधारत नाही. अवघड शाळेत टिकून राहणाऱ्यालाच ती शिक्षा ठरते. पुढे या अटी वगळाव्या लागल्या, ते योग्यच झाले.

दुसरा आक्षेप असा, की शिक्षकांना आधीच भरपूर मिळते. प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 29,200 रुपयांपासून सुरू होते आणि पहिली वार्षिक वाढ 900 रुपयांची असते. त्याआधीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. हे मानधन 2023 पर्यंत प्राथमिकला 6,000 रुपये होते, आता 16,000 आहे. निवडश्रेणीही सर्वांना नाही. वरिष्ठ श्रेणीतल्या 20 टक्के पदांपुरतीच ती आहे. राज्याच्या इतर कर्मचाऱ्यांना 10, 20 आणि 30 वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेतून वेतनश्रेणीचे तीन लाभ मिळतात. वर्गावरच्या बहुसंख्य शिक्षकांच्या वाट्याला उभ्या नोकरीत एकच लाभ येतो.

मग अनुभवी शिक्षकाकडून काहीच मागू नये का? जरूर मागावे, पण जे त्याच्या हातात आहे तेच मागावे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकाला त्याने आपल्या तासाला बसू द्यावे, नव्याच्या तासाला स्वतः जाऊन बसावे. तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी का अडते, हे केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्यक्ष शिकवून दाखवावे. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचे वाचन जूनमध्ये कुठे होते आणि मार्चमध्ये कुठे पोचले, याची नोंद ठेवावी. ही मोजणी मुलाच्या स्वतःच्या सुरुवातीपासूनची असल्याने डोंगरातली शाळा आणि शहरातली शाळा दोघींनाही न्याय मिळतो.

यासाठी वेळापत्रकात जागा हवी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकीची अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. सरकारने ती काटेकोर पाळली, तर हे तास त्यातूनच निघतील.

इंग्लंडनेही 2013 पासून शिक्षकांची वेतनवाढ कामगिरीशी बांधली होती. 2024 मध्ये ती सक्ती उठवली गेली. महाराष्ट्राने तो फेरा पुन्हा घेऊ नये. निवडश्रेणीवरची 20 टक्क्यांची मर्यादा काढावी, 10-20-30 चा लाभ शिक्षकांनाही द्यावा आणि त्या बदल्यात अनुभवी शिक्षकाने नव्यांना घडवण्याची जबाबदारी लेखी स्वीकारावी. शासन आणि शिक्षक संघटना, दोघांनीही आता या करारासाठी बसावे.