पांढऱ्या कापडातली पांढरी भुकटी

खामगावच्या कापडबाजारात गिऱ्हाईक पोत पाहते, पन्हा मोजते आणि भावावर अडते. पॉलिएस्टरच्या धाग्यात टिटॅनियम डायऑक्साइड किती, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो. त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वी मुलींच्या गणवेशातील सलवारींसाठी आम्ही बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून पांढऱ्या कापडाचे तागे मागविले. वीण तीच, वजन तेच, भाव किंचित कमी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली माल झकास दिसला. शाळा सुरू झाली आणि आठवड्याच्या आत मुलींच्या आया दुकानात हजर! उन्हात उभे राहिले की सलवारीतून आरपार दिसते, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती रास्त होती. आम्ही शिलाईसह पैसे परत केले.

हकीकत नंतर कळली. पॉलिएस्टर मुळात काचेसारखे असते, प्रकाश त्यातून निघून जातो. म्हणून धागा ओढण्यापूर्वीच त्यात या ऑक्साइडची अतिशय बारीक भुकटी मिसळतात. प्रकाश वळविण्याची तिची ताकद, म्हणजे अपवर्तनांक, सुमारे २.५ आणि पॉलिएस्टरचा १.६ च्या आसपास. या तफावतीमुळे प्रकाश कणाकणावर विखुरतो, चकाकी मरते आणि अंग झाकले जाते. भुकटी जवळजवळ नसलेला धागा ‘ब्राइट’, शेकडा ०.३ च्या आसपास असलेला ‘सेमी-डल’ आणि २ च्या आसपास असलेला ‘फुल-डल’. आमच्या माथी ब्राइट मारला गेला होता.

भुकटी जास्त तितके कापड चांगले, असेही नाही. ती अतिनील किरण अडविते, हे आपल्या वऱ्हाडच्या उन्हात कामाचे. पण तिच्यामुळेच नायलॉनचा धागा उन्हात लवकर कमजोर होऊ शकतो. चमकदार साडी-ओढणीला तर ब्राइटच हवा. आमचा आक्षेप ब्राइटवर नाही, न सांगता विकण्यावर आहे. धाग्याची जात बिलावर लिहिलीच पाहिजे. तोपर्यंत गिऱ्हाइकांनी कापडाचा एकेरी पदर वर्तमानपत्रावर ठेवून दुकानाबाहेर उन्हात पाहावा. अक्षरे सहज वाचता आली, तर ते कापड सलवारीचे नव्हे.

आम्ही आता मागणी नोंदवितानाच ‘फुल-डल’ असे लिहून घेतो. लिहून न देणाऱ्याचा माल घेत नाही. मीटरमागे भाव थोडा जास्त पडतो. तो का, हे गिऱ्हाइकाला सांगतो. काही जण ऐकून घेतात आणि शेजारच्या दुकानात जातात.