रुग्णशय्येजवळची भेट आणि नंतरची वर्षे

१ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळच्या जांभुळखेडा येथे माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री गडचिरोलीत आले, पुष्पचक्रे वाहिली गेली, मानवंदना झाली. हे व्हावयासच हवे होते. परंतु मृतांच्या वाट्याला निदान एक दिवस तरी येतो. जो जखमी होऊन वाचतो त्याच्यापुढे उभे आयुष्य असते. त्या आयुष्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न मानवंदनेच्या बिगुलात विरून जातो.

राज्यकर्त्यांनी जखमी जवानांच्या रुग्णशय्येपाशी जाण्याची प्रथा जुनी आहे. १९६५च्या युद्धात पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री लष्करी रुग्णालयात जाऊन जखमींना भेटले. ३ जुलै २०२० रोजी, गलवानच्या चकमकीनंतर, पंतप्रधान नरेंद्र मोदी लेहच्या रुग्णालयात गेले. त्या भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध होताच वाद माजला तो जखमींच्या प्रकृतीबद्दल नव्हे, तर तो कक्ष खरा की सजवलेला याबद्दल. अखेर सैन्यदलाला खुलासा करावा लागला. भेटीपेक्षा छायाचित्राला महत्त्व आले की असेच होते. टीका करणारे आणि वाहवा करणारे, दोघेही चौकटीकडे पाहत राहतात. खाटेवरचा माणूस बाजूला पडतो.

याहून निराळा दाखला अमेरिकेचा आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे पाय पक्षाघाताने निकामी झाले होते आणि आपली चाकांची खुर्ची लोकांच्या नजरेस पडू नये याची ते आयुष्यभर दक्षता घेत. तेच रूझवेल्ट जुलै १९४४मध्ये हवाई बेटांवरील रुग्णालयात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या कक्षातून त्या खुर्चीत बसून सावकाश फिरले. हा प्रसंग हृद्य खराच; पण त्याचे मोल वाढते ते दुसऱ्या एका गोष्टीने. त्याच्या महिनाभर आधी, २२ जून १९४४ रोजी, परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण, घरासाठी कर्ज आणि उपचार यांची हमी देणाऱ्या कायद्यावर त्यांनी स्वाक्षरी केली होती. म्हणजे आधी हक्क दिला, मग भेट घेतली. आपल्याकडे पुष्कळदा भेट हीच हक्काची जागा घेते.

या कसोटीवर गडचिरोलीकडे पाहिले पाहिजे. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून ४८ पोलीस मारले गेले. त्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ज्या जिल्ह्याला सारे टाळत त्याच जिल्ह्याचे पालकमंत्रिपद आपणहून पत्करले. एका दिवसाच्या दौऱ्यापेक्षा ही कृती निश्चितच मोठी होती, कारण तिच्यात सातत्याची जबाबदारी होती. २०२५पासून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही हे पद स्वतःकडे घेतले. तथापि पालकमंत्री कोणीही असो, यंत्रणेतील उणीव त्याच्या उपस्थितीने भरून निघत नाही.

ती उणीव कोणती? सीमेवरील सैनिक जखमी झाला तर त्याच्यामागे लष्करी रुग्णालयांची साखळी आहे. पुण्यात १९४४पासून चालत आलेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. या व्यवस्थेतही कज्जे आहेत. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी सैनिकांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आहेत. पण व्यवस्था आहे. गडचिरोलीच्या सी-६० पथकातील जवान त्याच प्रकारच्या गोळीने, त्याच प्रकारच्या सुरुंगाने जायबंदी होतो. मात्र तो 'माजी सैनिक' या व्याख्येत बसत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये मर्दिनटोला येथील चकमकीतील जखमींना हेलिकॉप्टरने नागपूरला न्यावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला देशाचा दारूगोळा तयार होतो. पण त्या दारूगोळ्याने लढणाऱ्याच्या जखमा शिवण्यासाठी नागपूर गाठावे लागते.

भामरागडहून नागपूर ३०० किलोमीटरहून दूर आहे. जवानासाठी हेलिकॉप्टर तरी येते. पर्लकोटेला पूर आला की त्याच गावच्या आदिवासी रुग्णाला खाटेवर टाकून खांद्यावरून न्यावे लागते. सी-६०मधील जवान पुष्कळदा याच गोंड-माडिया पाड्यांतला असतो. त्याच्या गोळीपुढे उभा असलेलाही बहुधा तेथलाच. म्हणून जखमी जवानाचा प्रश्न आणि जंगलातील दवाखान्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांचे, आणि त्यांच्याबरोबर पोलिसांचेही, जुने निवृत्तिवेतन गेले. मार्च २०२३मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यानंतर महिनाअखेरीच्या शासन निर्णयाने सेवेत मृत्यू आल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतन आणि सेवा करण्यास असमर्थ ठरलेल्यांना रुग्णता निवृत्तिवेतन मिळण्याची वाट मोकळी झाली. पोलिसाला मात्र १९६६च्या कायद्यान्वये शासनाच्या परवानगीवाचून संघटना करता येत नाही. ज्याला स्वतःसाठी बोलण्याची मुभा नाही, त्याच्या वतीने इतर श्रमिकांच्या संघटनांनीच बोलले पाहिजे. पोलिसी अत्याचाराविरुद्ध लढणे आणि जायबंदी पोलिसाच्या हक्कासाठी लढणे यांत विसंगती नाही. दोहोंच्या मुळाशी माणसाची प्रतिष्ठाच आहे.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. लढाई ओसरली की दौरेही ओसरतात, आणि जखमींचा विसर पडण्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. म्हणून मागणी आताच केली पाहिजे: कर्तव्यावर अपंग झालेल्या पोलिसाला सैनिकाच्या बरोबरीने उपचार, अवयव आणि पुनर्वसन यांचा कायदेशीर हक्क, आणि जवान व आदिवासी एकाच दाराने आत जातील असे सुसज्ज रुग्णालय अहेरी-भामरागडच्या पट्ट्यात. नेत्यांनी भेटीस अवश्य यावे. पण येताना हातात पुष्पगुच्छाऐवजी शासन निर्णयाची प्रत असावी.